चराईबंदी की चराईची वेळ? पाटोद्याहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या गावाला 180 एकर गायरान आहे, बहुतेक मुरमाड माळ. गावात पंचवीसेक धनगर कुटुंबं आहेत आणि सगळ्यांच्या मिळून दीड हजार मेंढ्या. शिवाय बहुतेक घरी दोन-चार शेळ्या. माळावर आता गवतापेक्षा तरोटा आणि वेडी बाभूळच जास्त. एक संस्था पाच वर्षं पैसा आणि माणसं द्यायला तयार आहे, पण ग्रामसभेत दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात पाच वर्षं चराईबंदी करा, चर खोदा, झाडं लावा. मेंढपाळ विचारतात, मग पावसाळ्यात आम्ही जायचं कुठं? तज्ज्ञांचं ऐकावं की मेंढपाळांचं, हे तुम्हाला सरपंच म्हणून ठरवायचं आहे.

मी बालाघाटाच्या या पट्ट्यात, म्हणजे पाटोदा, आष्टी, भूम, वाशी या भागात पंचवीस वर्षं पाणलोट आणि चाऱ्याचं काम केलंय. त्यावरून माझं मत आधी सांगतो. सरसकट चराईबंदी करू नका. माळ कधी मोकळा ठेवायचा आणि कधी चारायचा याची वेळ ठरवा. ती वेळ तुमच्या गावात ज्यांना कळते ते मेंढपाळच आहेत. बाहेरच्यांनी ती वेळ पाळणं त्यांना परवडेल अशी सोय करायची.

तुमच्याकडे चराईबंदीचा आग्रह कुठून आला ते मला माहीत आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून डोंगर हिरवे केले, आदर्श गाव योजनेत ती सूत्रंच झाली. ते काम खरंच मोठं आहे. पण हिवरे बाजारात गवत कापून घरी न्यायला मुभा होती आणि दुधाच्या जनावराला दावणीला वैरण टाकता येते. दीड हजार मेंढ्या दावणीला बांधून जगत नाहीत. मेंढी चालत खाते, निवडून खाते. जिथे गाईम्हशींचं गाव आहे तिथे जमलेला उपाय मेंढ्यांच्या गावात नेला की पाच वर्षांत गवत येतं खरं, पण तोवर निम्म्या मेंढ्या बाजारात गेलेल्या असतात आणि उरलेल्या रात्री चोरून माळावर येतात. चोरून चरणारी मेंढी सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण तिला घाईनं, मिळेल ते, बुडापर्यंत चारलं जातं.

आता खरी गाठ कुठे आहे ते बघा. मृग लागला की सगळी शेतं पेरली जातात, बांधसुद्धा मोकळे राहत नाहीत. खरीप निघेपर्यंत मेंढीला गायरान आणि वनखात्याची जमीन सोडून जागा नसते. नेमकं त्याच वेळी गवत उगवत असतं. पहिल्या पावसावर जुन्या ठोंबाला जो कोंब फुटतो तो मुळात साठवलेल्या जोरावर फुटतो. पान मोठं होऊन स्वतःचं अन्न तयार करायच्या आत तो दोन-तीनदा खुडला गेला की मूळ आखडतं, आणि असं चार-पाच पावसाळे झालं की ठोंब मरतो. म्हणजे गवताला ज्या पंचेचाळीस दिवसांत विसावा हवा, त्याच पंचेचाळीस दिवसांत सगळ्या गावाचा भार त्याच्यावर असतो. दिवाळीनंतर मेंढ्या बिऱ्हाडं घेऊन बाहेर जातात, कापसाच्या पऱ्हाट्यांत आणि ज्वारी निघालेल्या रानांत चरतात, तेव्हा माळ मोकळा असतो. पण तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि त्याला विसाव्याचा उपयोग नसतो.

हे मेंढपाळांना कळत नाही असं समजू नका. आष्टी तालुक्यातल्या एका तात्यांकडून मी हे शिकलो. त्यांचं वय तेव्हाच सत्तरच्या पुढे होतं. आर्द्रा नक्षत्र होतं, माळ नुसता खडीचा दिसत होता आणि मी त्यांना सांगत होतो की इथे गवत संपलंय, बी टाकावं लागेल. ते काही बोलले नाहीत. खाली बसले, काठी बाजूला ठेवली आणि एक ताटाएवढा दगड हळूच उचलून तिरका धरला. दगडाच्या कडेला, ओल्या मातीत, बोटाएवढा काळपट ठोंब होता आणि त्याला तांदळाच्या दाण्याएवढे तीन हिरवे कोंब. म्हणाले, "हा पवन्या हाय. मेला न्हाई, दडून बसलाय. तुमी दगडं येचून बांध घालायला निगाले, मंग हा जाईन कुटं?" आम्ही त्या आठवड्यात माळावरचे सुटे दगड गोळा करून नाल्यात अनघड दगडी बांध घालणार होतो. दगडाच्या सावलीला ओल टिकते आणि मेंढीचं तोंड तिथे पोचत नाही, म्हणून शेवटचे ठोंब तिथेच तग धरतात. त्या दिवसानंतर आम्ही बांधाचा दगड घळीतूनच घेतला, माळाच्या अंगावरचा नाही. तुमच्या संस्थेलाही ही अट पहिल्याच दिवशी घाला.

तात्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती गवतांच्या उतरंडीची. चांगल्या मुरमाड माळावर पवन्या असतो, खडकाळ उतारावर डोंगरी, खोल मातीच्या पट्ट्यात आणि बांधाला मारवेल. ही सगळी बारमाही, गोड गवतं. चराईचा मार वाढला की पवन्या आधी जातो, कारण मेंढी त्याला आधी शोधते. मग कुसळी वाढते. तिच्यावरही भार पडला की एका पावसाची, बोटभर उंचीची, दिवाळीपर्यंत वाळून उडून जाणारी गवतं येतात. त्यानंतर ज्याला जनावर तोंडच लावत नाही तो तरोटा. शास्त्रज्ञांनी आपल्या दख्खनच्या माळांसाठी लिहिलेला उतरणीचा क्रम जवळजवळ हाच आहे. पण कोणत्या टेकाडावर ही उतरण कोणत्या पायरीवर आहे हे पुस्तकात नसतं. ते रोज तिथे चालणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून गायरानाचा नकाशा संस्थेच्या माणसांकडून काढून घ्या, पण त्यावर कुठे काय आहे ते मेंढपाळांनी भरायचं. दोन दिवस सोबत फिरा. ठोंब कुठे जिवंत आहेत, पूर्वी काय होतं, पाणी कुठे मुरतं, वणवा कोणत्या बाजूनं येतो, लांडगा कुठे बसतो, सगळं लिहून घ्या. बहात्तरच्या दुष्काळाआधी माळावर काय होतं हे आठवणारी दोन-चार माणसं गावात अजून असतील, त्यांना आधी गाठा.

आम्ही स्वतः केलेली चूकही सांगायला हवी. सुरुवातीच्या एका गावात आम्ही अख्ख्या माळावर सलग समतल चर खोदले आणि चरांच्या वरंब्यावर गिरिपुष्पाची झाडं लावली. कागदावर काम उत्तम होतं, हेक्टरचं उद्दिष्ट पूर्ण झालं. पण ज्या माळावर वीतभरसुद्धा माती नव्हती तिथली होती ती माती आणि जिवंत ठोंबांची वीण यंत्रानं उलटी झाली. खालचा मुरूम वर आला आणि त्यावर तरोट्याशिवाय दुसरं काही उगवायला तयार नव्हतं. गिरिपुष्पाला मेंढ्या नीट तोंड लावेनात. मेंढपाळांनी आम्हाला आधी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही, कारण त्यांचा विरोध चराईपुरता आहे असं आम्ही गृहीत धरलं होतं. त्या माळाला सावरायला सात-आठ वर्षं लागली. म्हणून सांगतो, जिथे दहा पावलांत दोन-तीन बारमाही ठोंब दिसतात तिथे कुदळ लावू नका. चर फक्त उघड्या, उतरत्या, पाणी धावत जाणाऱ्या पट्ट्यांत, आणि तेही उथळ. घळींत दगडी बांध घाला, तिथे हरकत नाही. झाडं लावायचीच तर बोर, बाभूळ, हिवर अशी लावा, तीही विरळ. हिवराच्या शेंगा मेंढ्या-शेळ्या आवडीनं खातात. माळ म्हणजे तुटलेलं जंगल नाही, त्याला दाट झाडीनं भरायचं नसतं. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलं असलं तरी ती जमीन खराब नाही.

आता हिशोब. तो कोरडा वाटेल, पण ग्रामसभेत सगळ्यात उपयोगी तोच पडतो.

बांबूची 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट करा. हस्ताच्या शेवटी माळावर पाच-सात ठिकाणी ती टाका, आतलं गवत बुडापासून चार बोटं ठेवून कापा, वाळवा, तोला. चौरस मीटरला 40 ग्रॅम वाळलेलं गवत निघालं तर एकरी साधारण 160 किलो झालं. बिघडलेल्या माळावर एवढंच निघतं. त्यातलं निम्मं गवतासाठीच सोडायचं, नाही तर पुढच्या वर्षी ठोंब राहणार नाही. उरलं एकरी 80 किलो, म्हणजे 180 एकरांत 14,400 किलो. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला अंदाजे एक किलो सुका चारा लागतो. दीड हजार मेंढ्यांना 1,500 किलो. म्हणजे तुमचं गायरान आज कळपाला दहा दिवससुद्धा पुरत नाही, आणि मेंढ्या तिथे चार महिने असतात. हाच माळ सावरला आणि चौरस मीटरला 150 ग्रॅमवर आला, तर त्याच हिशोबानं छत्तीस दिवस.

हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण तो दोन्ही तटांना ऐकावा लागेल. चराईबंदीवाल्यांनी समजून घ्यावं की मेंढपाळ माळावर येतात ते हावेपोटी नाही, त्यांना पर्याय नाही म्हणून. आणि मेंढपाळांनी समजून घ्यावं की गायरान कितीही सुधारलं तरी एकटं त्यावर भागणार नाही. बांध, पडीक रानं, वनजमीन आणि दिवाळीनंतरची भटकंती हे सगळं लागणारच. जी संस्था तुम्हाला "गायरान सुधारलं की मेंढपाळांचं स्थलांतर थांबेल" असं सांगेल तिला हा हिशोब दाखवा. आमच्या भागात स्थलांतर हा रोग नाही, तो माळाला विसावा देण्याचा जुना मार्गच आहे. फक्त तो उन्हाळी विसावा आहे, आपल्याला पावसाळ्यातला थोडा विसावा जोडायचाय.

त्यासाठी माझा आराखडा असा. 180 एकरांचे साधारण सारखे चार तुकडे पाडा, पण रेघ सरळ ओढू नका. ओढा, पायवाट, टेकाड अशा खुणांवर तुकडे पाडा, म्हणजे गुराख्याच्या पोरालाही हद्द कळेल. दर वर्षी एक तुकडा मृगापासून स्वातीपर्यंत, म्हणजे बी पिकून गळेपर्यंत, पूर्ण मोकळा, त्यात चराई नाही. कोणता तुकडा आधी घ्यायचा ते मेंढपाळांना ठरवू द्या. माझा अनुभव असा की ते सगळ्यात वाईट तुकडा देत नाहीत, ज्यात ठोंब जास्त जिवंत आहेत तो देतात. तेच बरोबर आहे, कारण तो लवकर उठतो आणि पहिल्याच वर्षी लोकांना फरक दिसतो. बाकीच्या तीन तुकड्यांवर एकच नियम: गवत वीतभर झाल्याशिवाय मेंढी आत नाही, आणि चार बोटं उरलं की मेंढी बाहेर. वीत आणि चार बोटं. इंचपट्टी लागत नाही, रजिस्टर लागत नाही, वादही कमी होतात. कुसळीचा पट्टा मात्र वेगळा धरा. कुसळी कोवळी असताना मेंढी ती आवडीनं खाते. आश्लेषा-मघात तिथे कळप दाट करून थोडे दिवस चारला की तिला कुसळं धरायला वेळ मिळत नाही. एकदा कुसळ पिकली की ती लोकरीत शिरते, कातडीत घुसते, जबड्यात रुतून गळू होतं. मेंढपाळ हे जाणतात, पण आज सगळा माळच तुटका असल्यानं त्यांना कळप तिथे वेळेवर नेऊन धरता येत नाही.

पहिल्या पंचेचाळीस दिवसांचं काय, हा प्रश्न तरीही उरतो, आणि बाहेरचा पैसा सगळ्यात आधी इथे लागला पाहिजे. तूर आणि हरभरा निघतो तेव्हा, माघ-फाल्गुनात, गुळी (मळणीनंतर उरलेला काडीचुरा) आणि भुसकट स्वस्त असतं. कैक शेतकरी सोयाबीनची गुळी तर शेतातच पेटवून देतात. ती त्या वेळी विकत घेऊन गावात एका शेडमध्ये साठवा आणि मृग ते पुष्य या काळात मेंढपाळांना अर्ध्या किमतीत द्या. फुकट देऊ नका, अर्ध्या किमतीत द्या. तो पैसा पुढच्या साठ्याला येतो. याच काळासाठी राज्य सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती (क) मधल्या मेंढपाळांना जून ते सप्टेंबर चराई अनुदान ठेवलेलं आहे. चार महिने तेच का, याचं उत्तर वर आलंच. अर्ज ऑनलाइन असतो, कागद अपुरे म्हणून पुष्कळ जण मागे राहतात. संस्थेच्या एखाद्या पोरानं आठ दिवस बसून पंचवीस कुटुंबांचे अर्ज नीट भरून दिले तर ते काम दहा चरांपेक्षा मोलाचं आहे.

मेंढ्या बसवण्याची गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. शेतकरी रानात मेंढ्या बसवतो आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख देतो, हे तुमच्या गावात आजही चालतं. रात्रभर वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून दोनशे मेंढ्या एका जागी बसल्या की लेंडी आणि मूत तर पडतंच, शिवाय खुरांनी वरची चिकट, दगडासारखी झालेली खपली फुटते. हे शेतात चालतं तर उघड्या पडलेल्या माळावर का नको? आम्ही भूम तालुक्यात एका माळावर हे करून पाहिलं. वैशाख-ज्येष्ठात, जो पट्टा अगदी नागडा होता तिथे, ओळीनं जागा बदलत एकेक कळप दोन-दोन रात्री बसवला. शेतकरी देतो तोच दर प्रकल्पातून मेंढपाळांना दिला. मृगाच्या पहिल्या पावसानंतर तिथेच बी टाकलं. शेजारी नुसतं बी टाकलेला पट्टा होता. त्यात पाऊस पडला की बी खपलीवरून वाहून खाली गोळा होत होतं. बसवलेल्या पट्ट्यात खुराच्या प्रत्येक खळग्यात दोन-चार कोंब उभे राहिले. एका मेंढपाळाच्या बायकोनं ते बघून विचारलं, "आमाला मेंढ्या बसवायचे पैसे सरकारी माळावर बी मिळत्यात का?" तो प्रश्न मी विसरलो नाही. इतकी वर्षं याच माळाचं नुकसान करणारे म्हणून त्यांना ओळखलं जात होतं.

यात एक काळजी घ्या. ज्या शेळ्या-मेंढ्या वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आल्यात त्यांना चार-पाच दिवस तिथे बसवू नका. ते बी पोटातून तसंच बाहेर पडतं आणि खतासकट पेरलं जातं. वेडी बाभूळ काढायची तर नुसती तोडून उपयोग नाही, ती दुप्पट फुटते. जमिनीखालचा गड्डा खणून काढावा लागतो. पावसाळ्यात लहान रोपं हातानं उपटता येतात. पण सगळी एकदम काढू नका. चैत्र-वैशाखात त्याच शेंगांवर शेळ्या जगतात. चारा वाढेल तशी ती कमी करत जा. तरोटा श्रावण-भाद्रपदात, शेंग भरायच्या आत कापून तिथेच टाका.

शेळ्यांवरून आठवलं. तुमच्या पत्रात शेळ्यांचा उल्लेख एका ओळीत आहे, पण चराईबंदीचा पहिला फटका तिथे बसतो. दोन-चार उस्मानाबादी शेळ्या म्हणजे भूमिहीन बाईचं बँकखातं, पोराच्या आजारपणाला विकायचा माल. या बाया कोणत्याच समितीत नसतात. शेळी गवतापेक्षा पाला जास्त खाते, बोर-बाभळीवर चढते, त्यामुळे मोकळ्या ठेवलेल्या तुकड्याच्या कडेला, झाडोऱ्यात, शेळ्यांना ठरावीक वेळ मुभा देता येते. गायरानाची जी समिती कराल तीत निम्म्या बाया घ्या, आणि त्यात शेळ्यावाल्या किमान तीन-चार. सरपंच तुम्ही आहात, तुम्हाला हे जमेल.

जमिनीचा मुद्दा टाळू नका. गायरान ही सरकारी जमीन, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 खाली चराईसाठी नेमून दिलेली, आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे. आपल्या मराठवाड्यात त्या जमिनीचे तुकडे भूमिहीन, बहुतेक दलित कुटुंबं कसत आलीत. दादासाहेब गायकवाडांच्या 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून त्या मागणीला इतिहास आहे. कुरण विकासाच्या नावाखाली या लोकांना उठवायचा डाव कुणी आखत असेल तर त्यात पडू नका. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, जे कसतंय ते नकाशावर तसंच दाखवा, आणि तेवढं सोडून उरलेल्यावर काम करा. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभं करून कुठलंही कुरण टिकलेलं मी पाहिलेलं नाही. पवनचक्की आणि सौर प्रकल्पवाले आपल्या माळांवर फिरतायत, ते तुमच्याकडेही येतील. त्याआधी ग्रामसभेचा चराईचा ठराव आणि नकाशा दफ्तरी असलेला बरा.

शेजारी वनखात्याची जमीन असेल तर वनहक्क कायदा 2006 वाचून घ्या. कलम 3(1)(घ) मध्ये चराईचा हक्क आहे, त्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी वापरही येतो. कलम 3(1)(झ) मध्ये सामूहिक वनाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. धनगरांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जुने चराई पासाचे कागद, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब हे पुरावे आताच जमवायला लागा, त्याला वेळ लागतो.

आणखी एक गट आहे ज्याचा विचार कुणी करत नाही: दर वर्षी बाहेरून येऊन तुमच्या शिवारातून जाणारी बिऱ्हाडं. त्यांना अडवू नका. तुमच्या गावातली बिऱ्हाडंही दुसऱ्या कुणाच्या गावातून जात असतात. त्यांची वाट ठरवा, पाण्याची जागा ठरवा, मोकळा ठेवलेला तुकडा त्यांना आधीच सांगा. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, तुमच्या मेंढपाळांकडे त्यांचे नंबरही असतात.

पशुवैद्यकीय मदतीचं एक नेमकं काम आहे. माळ सावरला की पहिल्या पावसावर कोवळ्या चाऱ्याचा भर येतो आणि आंत्रविषार या आतड्याच्या रोगानं धडधाकट मेंढ्या एका रात्रीत जातात. जुने मेंढपाळ दव उतरल्याशिवाय कळप काढत नाहीत आणि नव्या हिरवळीत पोट रिकामं असताना घालत नाहीत, त्यामागे हा अनुभव आहे. पण पावसाळ्याआधी, मेमध्ये, लस टोचलेली असली तर धोका बराच कमी होतो. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लसही भटकंतीला निघण्याआधी. तालुक्याच्या दवाखान्याशी तारखा आधी ठरवून घ्या, कळप गावात असताना.

राखणीला तारेचं कुंपण करू नका. त्याच पैशात मेंढपाळ कुटुंबांतले दोन राखणदार पाच वर्षं ठेवता येतात, आणि वणव्याच्या दिवसांत तारा काही बोलावत नाहीत, माणूस बोलावतो. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत कापलेला पट्टा, कार्तिकात कापून काढा. रोजगार हमीतून घळीचे बांध होतील, त्यात संस्थेचा पैसा घालू नका.

सुधारणा मोजायची तेव्हा संस्था चौकट टाकेल, टाकू द्या. पण तिच्या शेजारी मेंढपाळाचं मापही लिहा. सकाळी सोडलेल्या मेंढीची डावी कूस किती वाजता भरते? बिघडलेल्या माळावर दिवस मावळला तरी ती खोल राहते. चांगल्या माळावर दुपारी मेंढ्या डोकी एकमेकींखाली घालून उभ्या राहतात तेव्हाच ती भरलेली दिसते. आम्ही तीन वर्षं दोन्ही नोंदी ठेवल्या. चौकटीतल्या गवताचे ग्राम वाढले तशी कूस लवकर भरू लागली. ग्रामसभेत चौकटीचे आकडे कुणी ऐकत नव्हतं, पण "मेंढी दुपारलाच भरती" म्हटलं की सगळे मान हलवत होते.

आता तातडीचं. आत्ता पूर्वा नक्षत्र चालू आहे. या वर्षी संस्थेचा करार झाला नाही तरी एक काम सुटता कामा नये, ते म्हणजे बी. पवन्या, डोंगरी आणि मारवेल हस्तापासून स्वातीपर्यंत पिकतात, एकदम नाही, थोडे थोडे. जुन्या देवळाच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या काठावर, जिथे जनावर पोचत नाही तिथे ते सापडतील. तुमच्या तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, पण तिथून काहीही परवानगीशिवाय काढता येत नाही, तिथे जाऊ नका. हिरव्याचा पिवळसर रंग झाला की मुठीत धरून ओरबाडायचं. सहज सुटलं तर पिकलंय. दर आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा जा. कापडी पिशव्यांत, सावलीत वाळवून, पिशवीवर गवताचं आणि जागेचं नाव लिहून ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. हे बी लगेच उगवत नाही, त्याला सात-आठ महिन्यांची झोप लागते, म्हणजे मृगापर्यंत ते आपोआप तयार होतं. तेव्हा गाळाची माती, शेण आणि थोडी वाळू घालून गोळ्या करायच्या, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. एकरी दोन-अडीच किलो धरा. मारवेलचे ठोंबही आषाढात लावता येतात, हात-हातभर अंतरावर, पण फक्त खोल मातीच्या पट्ट्यात.

गावातल्या ज्या म्हाताऱ्याला पवन्या ओळखता येतो त्याला आणि शाळेतल्या आठवी-नववीच्या चार पोरांना सोबत पाठवा. किलोमागे दर ठरवा आणि पैसे त्याच दिवशी द्या. पहिली पिशवी भरली की मला फोन करा, चित्रा नक्षत्रात मी पाटोद्याला येणारच आहे, तेव्हा मेंढपाळांसोबत माळ बघायला दोन दिवस काढतो.